कंपायलरची रोजची बिल्ड-चाचणी लातुरातून चालवायची आहे: मशीन, लाईट, नेट आणि बाकी सगळं

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एका ऑफिसातून निघालेलं जुनं वर्कस्टेशन हाती आलंय. १६ कोर, ६४ जीबी रॅम, एक टीबीची एनव्हीएमई डिस्क. क्लासच्या मागच्या खोलीत ठेवलंय. ते मला मुक्त स्रोत कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारं साधन) कामाला जुंपायचंय. म्हणजे ताजा सोर्स ओढायचा, बिल्ड करायचा (त्यापासून चालणारा प्रोग्रॅम बांधायचा), सगळ्या चाचण्या चालवायच्या आणि काही मोडलं तर ज्यांचे बदल त्यात होते त्यांना कळवायचं. हे सगळं माणसानं हात न लावता.

आपल्याकडची पोरं पहिल्या वर्षापासून जीसीसी या कंपायलरवर सी शिकतात. पुढं क्लँग (एलएलव्हीएम प्रकल्पातला कंपायलर) येतं, मोबाईलमधलं निम्मं सॉफ्टवेअर त्यावरच बनलेलं असतं. या साधनांत पॅच द्यायचा तर तयारीला वर्षं लागतात, पण चाचणीचं मशीन मन लावून चालवायला आजही सुरुवात करता येते. एलएलव्हीएममध्ये दिवसाला शंभराच्या आसपास कमिट (सोर्समध्ये घातलेले बदल) पडतात. लिहिणाऱ्यानं आपल्या मशीनवर तपासलेलं असतं. पण त्याचं मशीन एक आणि कंपायलर चालणार नाना तऱ्हेच्या मशीनवर. मोडतोड त्याच दिवशी कळली तर शोधायला वीस-पंचवीस कमिट असतात. महिन्यानं कळली तर हजारो.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. बॉटनं (आपोआप चाचणी करणाऱ्या मशीननं) लाल, म्हणजे 'मोडलंय', दाखवलं तर ते कोडमुळेच लाल असलं पाहिजे. लाईट गेली, नेट तुटलं, डिस्क भरली म्हणून लाल झालं आणि जगभरातल्या वीस माणसांना विनाकारण मेल गेली, की लोक त्या बॉटकडे बघणं सोडतात. मग खरं लाल आलं तरी कुणी उघडून बघत नाही. असा बॉट नसलेलाच बरा.

लातुरात मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की लाईट जाते, हे धरूनच मांडणी करायची आहे. नेट फायबरचं आहे पण पब्लिक आयपी नाही. ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा. एलएलव्हीएमपासून सुरुवात करावी की जीसीसीपासून, तेही सांगा.

---

दुधनाकाठची

दादा, मी सेलूची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. धागा वाचून लई बरं वाटलं.

तीन शंका आहेत. एवढ्या मोठ्या प्रकल्पांकडे स्वतःचे बॉट असतीलच, मग आपल्या एका मशीननं काय फरक पडणार? दुसरं, कंपायलरची चाचणी म्हणजे नेमकं काय तपासतात? प्रोग्रॅम बरोबर चालला एवढंच बघतात का आणखी काही? आणि तिसरं, माझ्याकडे ८ जीबीचा लॅपटॉप आहे. त्यावर एलएलव्हीएम बिल्ड होईल का?

आम्ही चौघींनी मिळून रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी एक छोटा असेंबलर (असेंब्लीतला कोड मशीनच्या भाषेत नेणारं टूल) लिहायला घेतलाय. त्यालाही अशी चाचणी लावता येईल का, हे मनात आहे.

---

परभणी_ते_पुणे

मी कंपायलरच्याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. एलएलव्हीएमच्या बहुतेक चाचण्या म्हणजे छोट्या छोट्या मजकुराच्या फायली असतात. फाईलच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये 'रन' नावाची ओळ असते: ही फाईल अमुक टूलला द्या आणि जे बाहेर येईल ते फाइलचेक या तपासणाऱ्या टूलला द्या. खाली 'चेक' ओळी असतात. आउटपुटमध्ये हा मजकूर, या क्रमानं, आलाच पाहिजे. समजा दोननं गुणायच्या जागी कंपायलरनं डावीकडे एक शिफ्ट द्यायला हवा, तर तेवढीच अपेक्षा त्या फाईलीत लिहिलेली असते. अशा हजारो फायली 'लिट' नावाचा चालक समांतर चालवतो. प्रोग्रॅमचं उत्तर बरोबर येतं का हे तपासणाऱ्या चाचण्या वेगळ्या, त्या टेस्ट-सूट नावाच्या वेगळ्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) आहेत.

बॉट आहेतच, पण प्रत्येक बॉट म्हणजे एक विशिष्ट जुळणी: हा प्रोसेसर, ही ऑपरेटिंग सिस्टिम, हा होस्ट कंपायलर (ज्यानं बिल्ड होतो तो), हे पर्याय. २०२३ च्या सप्टेंबरपासून एलएलव्हीएमचं परीक्षण गिटहबच्या पुल रिक्वेस्टवर (बदल आत घ्या अशी विनंती) आलं. कोड आत जाण्याआधी तिथं चाचणी होते, पण मोजक्याच जुळण्यांवर. बाकीचा सगळा भार कोड आत गेल्यावर चालणाऱ्या बिल्डबॉटांवर असतो आणि त्यातली पुष्कळ मशीनं कंपन्यांनी, गटांनी आणि एकेकट्या माणसांनी आपापल्या जागी चालवलेली आहेत. त्यामुळं मांजराकाठ, नेहमीच्या एक्स८६ उबुंटूवर नेहमीचाच रिलीज बिल्ड लावलात तर उपयोग थोडा. दुसरं कुणी तपासत नाही अशी जुळणी शोधा. डेबियनच्या स्थिर आवृत्तीतला जीसीसी होस्ट म्हणून वापरणं, असर्शन (कोडमधल्या आतल्या तपासण्या) चालू ठेवणं, शेअर्ड लायब्ररीचा बिल्ड करणं, यातलं काय आधीपासून आहे ते बॉटांच्या यादीत बघून ठरवा.

पब्लिक आयपीची गरज नाही. बिल्डबॉटमध्ये आपला वर्करच (चाचणी करणारं मशीन) मास्टरकडे (काम वाटणाऱ्या सर्व्हरकडे) कनेक्शन उघडतो, बाहेरून आत कुणी येत नाही. फक्त राउटरच्या मागं निवांत पडलेलं कनेक्शन मधेच कापलं जातं, म्हणून वर्कर बनवताना कीपअलाइव्ह (कनेक्शन जागं ठेवणारा संदेश) २०० सेकंदांवर ठेवा. मुळातला आकडा ६०० आहे.

आता तुमच्या आग्रहाबद्दल. एलएलव्हीएमकडे दोन मास्टर आहेत, खरा ९९९० पोर्टवर आणि स्टेजिंग ९९९४ वर. नवा वर्कर आधी स्टेजिंगला जोडायचा. तिथं लाल झालं तरी कमिट करणाऱ्यांना मेल जात नाही, सगळं फक्त आपल्याला दिसतं. बरेच दिवस तिथंच राहू द्या. प्रत्येक लाल उघडून वाचा आणि कारण वहीत लिहा. कोडशिवाय दुसऱ्या कारणानं लाल होणं थांबलं की मगच खऱ्या मास्टरकडे जायचं. वर्करचं आणि बिल्डरचं वर्णन झॉर्ग रिपॉझिटरीत असतं. तिथं पुल रिक्वेस्ट द्यायची आणि व्यवस्थापकांकडून पासवर्ड ठरवून घ्यायचा.

८ जीबीवर बिल्ड होईल, पण सावकाश. टार्गेट (ज्या प्रोसेसरसाठी कोड काढायचा तो) एकच ठेवा, डीबग नको रिलीज करा, लिंकर (बांधलेले तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणारं टूल) म्हणून एलएलडी वापरा आणि एका वेळी एकच लिंक चालू द्या. शिकायला पुरेसं आहे, रोजच्या बॉटला नाही.

---

बालाघाटी

मालक, बाकीचं नंतर, लाईटचं आधी बघा. मी अंबाजोगाईला सर्व्हर सांभाळतो, म्हणून हे अंगवळणी पडलंय.

घरच्या इन्व्हर्टरला मागं एक बटण असतं, इन्व्हर्टर मोड आणि यूपीएस मोड. पंखा-ट्यूबसाठी लोक ते पहिल्यावर ठेवतात. तिथं बदलाला वेळ जास्त लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडून परत सुरू होतो. यूपीएस मोडवर टाका. त्याहून चांगलं म्हणजे इन्व्हर्टरच्या पुढं एक छोटा यूएसबीवाला यूपीएस लावा आणि नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा. बॅटरी कमी झाली की मशीन स्वतःहून नीट बंद होतं. बायोसमध्ये 'लाईट आल्यावर आपोआप चालू हो' हे पण लावून ठेवा. राउटर आणि फायबरचा डबा त्याच यूपीएसवर पाहिजे. मशीन चालू आणि नेट बंद, हे बॉटसाठी सगळ्यात वाईट.

तरी एखाद्या दिवशी धाडकन लाईट जाणारच. मग काय होतं ते बघा. कंपायलर ऑब्जेक्ट फाईल (एका सोर्स फाईलीपासून निघालेला मशीन कोड) लिहीत असतो, तिचं नाव आणि वेळ डिस्कवर गेलेली असते, आतला मजकूर गेलेला नसतो. लाईट आल्यावर त्या फाईलीचा आकार शून्य आणि वेळ मात्र ताजी. बिल्डचं टूल वेळ बघून समजतं की ही झालेली आहे आणि पुढं जातं. मग लिंकर ओरडतो की या फाईलीचा प्रकारच ओळखू येईना. हे लाल बघणाऱ्याला वाटतं कोड मोडला. कोडचा इथं काडीचा संबंध नाही.

यावर उपाय सोपा आहे. बिल्ड सुरू होताना एक खुणेची फाईल ठेवायची, नीट संपला किंवा नीट थांबवला की पुसायची. वर्कर लिनक्सच्या सिस्टिमडीवरून (सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेवरून) सुरू होत असेल तर त्याच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट चालू द्या: खूण सापडली तर मागचा बिल्ड अर्धवट मेलाय, आख्खं बिल्ड फोल्डर उडवा आणि पहिल्यापासून करा. दोन तास जातील, पण खोटं लाल जाणार नाही.

उन्हाळ्याचं पण सांगतो. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो, मागची खोली त्याहून तापते. प्रोसेसर गरम झाला की वेग कमी करतो. वेग कमी झाल्यानं चाचणी चुकत नाही, वेळ लागतो. पण बिल्डबॉटचा नियम असा की कमांडकडून १२०० सेकंद एकही ओळ आली नाही तर ती अडकली असं समजून मारायची. तापलेलं मशीन, भरलेली रॅम, वर स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) चालू, अशात मोठं लिंक वीस मिनिटं गप्प राहू शकतं. मग मारलं जातं आणि परत लाल. दुपारी कोर कमी वापरा, आठच चालू द्या. मशीन पत्र्याच्या खोलीत असेल तर जागा बदला, त्याला काही पर्याय नाही.

---

तेरणा

एवढा खटाटोप काहून करायलात? गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबच्याच मशीनवर चाचण्या चालवणारी सेवा) सार्वजनिक रिपॉझिटरीला मशीन फुकट मिळतं. लाईट नाही, ऊन नाही. आम्ही धाराशिवला आमच्या टूलसाठी तेच वापरतो, झकास चालतं.

---

मांजराकाठ

तेरणा, छोट्या टूलसाठी तुमचं एकदम बरोबर आहे आणि दुधनाकाठच्या ताईंनी तिथूनच सुरुवात करावी असं मीही म्हणेन. सार्वजनिक रिपॉझिटरीला लिनक्सचं ४ कोर, १६ जीबीचं मशीन मिळतं, एक जॉब ६ तासांपर्यंत चालतो. असेंबलरला हे भरपूर झालं. पण एलएलव्हीएम आणि क्लँग असर्शनसकट बिल्ड करून सगळ्या चाचण्या, त्याही प्रत्येक वेळी नव्या कोऱ्या मशीनवर, हे ४ कोरांत रेटणं कठीण. आणि ते मशीन सगळ्यांना सारखंच मिळतं. वेगळी जुळणी तपासणं हा तर मूळ हेतू आहे.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा. स्वतःचं मशीन ॲक्शन्सला रनर (जॉब चालवणारं मशीन) म्हणून सार्वजनिक रिपॉझिटरीत जोडू नका. कुणीही अनोळखी माणूस फोर्क (स्वतःची प्रत) करून पुल रिक्वेस्ट देतो आणि त्याचा कोड आपल्या घरातल्या मशीनवर चालू शकतो. गिटहब स्वतःच याबद्दल सावध करतं. बिल्डबॉटवर मूळ प्रकल्पात आत गेलेलाच कोड येतो, म्हणून तिथं धोका कमी. तरीही वर्करसाठी मी वेगळा युजर केलाय, त्याला सुडो (मशीनचे पूर्ण अधिकार) नाही, आणि मशीन घरच्या नेटवर्कपासून तोडून ठेवलंय. क्लासची हजेरी आणि फीचा हिशोब त्याच राउटरवर आहे, तिथं कोणतीही जोखीम घ्यायची नाही.

बालाघाटी, खुणेच्या फाईलीची युक्ती आजच लावतो.

---

कयाधू

मी हिंगोलीचा, नोकरीतून मोकळा झालोय. जीसीसी स्वतः कंपाइल करून वापरायची सवय फार जुनी. इथं सगळं एलएलव्हीएमवरच चाललंय म्हणून जीसीसीची बाजू मांडतो.

जीसीसीचा पहिला जाहीर अवतार १९८७ चा. त्याच्या बिल्डमध्येच एक मोठी चाचणी दडलेली आहे, तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. तुमच्या मशीनवरच्या कंपायलरनं नवा जीसीसी बांधायचा, हा पहिला टप्पा. त्या नव्या जीसीसीनं तोच सोर्स परत बांधायचा, हा दुसरा. दुसऱ्यातून निघालेल्यानं तिसऱ्यांदा. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फायली एकमेकींशी ताडून बघायच्या. दोन्ही वेळा सोर्स तोच आणि बांधणारा कंपायलरही अर्थानं तोच, म्हणून फायली जुळल्याच पाहिजेत. जुळल्या नाहीत तर नवा कंपायलर कुठंतरी चुकीचा कोड काढतोय. मला यातलं सौंदर्य अजून ओसरलेलं नाही. कंपायलरच स्वतःचा साक्षीदार होतो.

नंतर चाचण्या. मेक चेक चालवताना 'के' हा पर्याय द्यायचा, म्हणजे एखादी पडली तरी पुढच्या थांबत नाहीत. चालक डेजाग्नू आहे, तो एक्सपेक्टवर आणि एक्सपेक्ट टीसीएलवर. ही पॅकेजं आधी बसवा, नाहीतर चाचण्या चालणारच नाहीत. बिल्डचं फोल्डर सोर्सच्या बाहेर ठेवा, जीसीसीचा तसा आग्रह आहे. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या गणिताच्या लायब्ररी आणायला सोर्समध्येच एक स्क्रिप्ट आहे.

आणि धागाकर्त्यांच्या लाल-हिरव्याबद्दल. जीसीसीच्या विकासशाखेवर शून्य 'फेल' असा दिवस सहसा उगवत नाही. काही चाचण्या काही मशीनवर पडतातच. त्यामुळं तिथं 'किती पडल्या' यापेक्षा 'काल पास होती आणि आज पडली अशी कोणती' हा प्रश्न. काँट्रिब फोल्डरात कंपेअर-टेस्ट्स नावाची स्क्रिप्ट आहे. तिला कालचा आणि आजचा निकाल द्या, ती फरक काढून देते. त्याच फोल्डरात टेस्ट-समरी आहे, ती निकालाची मेल तयार करते. जीसीसी-टेस्टरिझल्ट्स या मेलच्या यादीवर लोक असे निकाल नेमानं पाठवतात. तिथं नोंदणीचा खटाटोप नाही, म्हणून हातचं म्हणून हे काम आधी सुरू करा असं माझं मत.

वापरलेलं मशीन आहे म्हणून शेवटचं. बिल्ड लावण्याआधी रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा. कंपायलर मधेच अंतर्गत त्रुटी देऊन कोसळला आणि तीच कमांड परत दिल्यावर सुरळीत गेला, तर कोडवर संशय घ्यायच्या आधी रॅमवर घ्या. खराब रॅमची पट्टी बूटस्ट्रॅपच्या तुलनेत पण फरक दाखवते आणि माणूस कमिटांत शोधत बसतो.

---

मांजराकाठ

काका, फार मोलाचं लिहिलंत. मेमटेस्ट लावून ठेवलाय. ठरलं असं: जीसीसीचा बूटस्ट्रॅप रात्री १ ला, निकाल मेलनं. दिवसभर एलएलव्हीएम स्टेजिंगवर.

---

मांजराकाठ

थोडी प्रगती कळवतो.

मेमटेस्ट स्वच्छ गेला. एलएलव्हीएमचा वर्कर स्टेजिंगला जोडलाय. वही घातली आहे आणि सुरुवातीच्या लाल नोंदींपैकी बहुतेक एकाच कारणाच्या निघाल्या: रॅम. डीबग माहितीसकट बिल्ड करताना एकेक लिंक कित्येक जीबी खाते आणि निंजा (बिल्ड चालवणारं टूल) १६ कोर बघून तेवढ्याच्या आसपास लिंक एकदम लावते. ६४ जीबी संपतात, कर्नल एखादी प्रक्रिया मारून टाकतो. लॉगमध्ये एवढंच दिसतं की लिंकर 'किल्ड' झाला. खरं कारण डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) सापडतं, तिथं मेमरी संपल्याची स्पष्ट ओळ असते. आता रिलीज बिल्ड असर्शनसकट, लिंकर एलएलडी आणि समांतर लिंकची मर्यादा ४. त्यानंतर त्या जातीचं लाल एकदाही आलेलं नाही.

सीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून परत वापरणारं टूल) लावलाय. त्याची मूळ मर्यादा ५ जीबीची असते, एलएलव्हीएमला ती पुरत नाही, जुनं सतत बाहेर फेकलं जातं. ५० जीबी केल्यावर फरक लगेच दिसला. हा नुसता वेळेचा प्रश्न नाही. बिल्डला जितका वेळ, तितके मधले कमिट एकाच फेरीत गोळा होतात. लाल झालं की संशयितांची यादी तेवढी लांब आणि निर्दोष माणसांना जाणाऱ्या मेल तेवढ्या जास्त.

वळवानं दोनदा हजेरी लावली. यूपीएसवर मशीन नीट बंद झालं. एकदा मात्र बॅटरीनंच दगा दिला आणि ते धाडकन गेलं. खुणेची फाईल सापडली, फोल्डर उडालं, बिल्ड नव्यानं झाला, हिरवा. बालाघाटी, जिंकलात.

---

दुधनाकाठची

दादा, आमच्या असेंबलरचं एक कोडं झालंय. तेरणा दादांच्या सांगण्यावरून आम्ही गिटहब ॲक्शन्स लावलं, तिथं सगळं हिरवं. तुमच्याकडे रात्रीच्या फेरीत आमचं टूल पण चालवायला दिलं होतं ना, तिथं एक चाचणी रोज पडायली. आणि तीच तुम्ही दुपारी हातानं चालवली तर पास. आमच्या चौघींच्या लॅपटॉपवर पण पास. मैत्रीण म्हणते तुमच्या मशीनमध्येच काहीतरी आहे, पण मला तसं वाटेना. मशीन खराब असतं तर वेगवेगळ्या चाचण्या पडल्या असत्या, एकच कशी रोज पडेल?

---

मांजराकाठ

तुमचा तर्क बरोबर आहे, ताई. लॉग काढून बघितला.

तुमचं टूल लिस्टिंग फाईलच्या (असेंबल केलेल्या कोडची वाचता येणारी यादी) डोक्यावर बिल्डची तारीख छापतं. टूल तारीख मशीनच्या स्थानिक वेळेनं काढतं. चाचणीची स्क्रिप्ट मात्र अपेक्षित तारीख यूटीसीनं (जागतिक प्रमाणवेळेनं) काढते. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढं. म्हणजे रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात आपली तारीख एक आणि यूटीसीची त्याच्या आदल्या दिवसाची. माझी फेरी १ ला सुरू होते, बरोबर त्या फटीत. दुपारी दोन्ही तारखा एकच, म्हणून पास. ॲक्शन्सचं मशीन मुळात यूटीसीवरच चालतं, तिथं हा फरक चोवीस तासांत कधीच दिसणार नाही.

हे लाल खरं आहे. आपल्या भागातल्या कुणीही रात्री जागून तुमचं टूल वापरलं असतं तर हाच घोळ झाला असता.

---

परभणी_ते_पुणे

सुंदर सापडलंय. तेरणा, वेगळ्या जागेचं वेगळं मशीन कशाला, याचं उत्तर यातच आलं.

ताई, दुरुस्ती करताना दोन्हीकडे यूटीसी करून सोडून देऊ नका. आउटपुटमध्ये बिल्डची वेळ घातली की तोच सोर्स दोनदा बांधल्यावर दोन वेगळ्या फायली निघतात. यासाठी सोर्स-डेट-इपॉक नावाचं एक ठरलेलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. ते दिलेलं असेल तर घड्याळ न बघता त्यातले सेकंद घ्यायचे आणि तारीख यूटीसीत छापायची. जीसीसीनं सातव्या आवृत्तीपासून तारखेच्या मॅक्रोसाठी हेच पाळलंय. तुमच्या टूलनंही पाळावं आणि चाचणीत ते व्हेरिएबल ठरलेल्या आकड्यावर बसवावं. मग चाचणी कोणत्या तासाला, कोणत्या देशात चालली याला महत्त्व राहत नाही.

हे कोणत्या कमिटपासून आलं ते शोधायचं असेल तर गिट बायसेक्ट रन वापरा. चांगला कमिट आणि वाईट कमिट सांगायचा, सोबत स्क्रिप्ट द्यायची. दर वेळी अर्धं अंतर कापत जातं, १०० कमिट असले तरी सात-एक पायऱ्यांत उत्तर. स्क्रिप्टनं पास झालं तर ० परत द्यायचं, पडलं तर १. मधला एखादा कमिट बिल्डच होत नसेल तर १२५, म्हणजे बायसेक्ट तो वगळून पुढं जातं. हा १२५ बरेच जण विसरतात आणि मग बिल्ड न होणाराच कमिट दोषी ठरतो. फक्त स्क्रिप्टमध्ये घड्याळाची वेळ मध्यरात्रीनंतरची धरा, फेकटाइम या टूलनं तसं करता येतं, नाहीतर दिवसा बायसेक्ट चालवाल आणि सगळंच पास दिसेल.

---

दुधनाकाठची

सापडला! तारीख छापायचं काम मैत्रिणीनं घातलं त्याच कमिटमध्ये घोळ होता. सोर्स-डेट-इपॉक टाकलं, चाचणी दुरुस्त केली. रात्री १ च्या फेरीची वाट बघते.

आणि ॲक्शन्सच्या चाचण्या आता दोन वेळा चालतात, एकदा यूटीसीवर आणि एकदा टाइमझोन एशिया-कोलकाता ठेवून.

---

तेरणा

मानलं. आमच्या टूलला पण ती दुसरी ओळ टाकली. आणि आमच्याकडं एक जुना रास्पबेरी पाय पडून आहे. त्यावर काही होईल का?

---

कयाधू

पायवर जीसीसी बांधायला बसू नका, कार्डाची वाट लागेल. दुसरीकडं बांधून त्यावर फक्त चाचण्यांचे प्रोग्रॅम चालवता येतात, डेजाग्नूत एसएसएचनं दुसऱ्या मशीनवर चालवायची सोय आहे. आणि तुम्ही मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात असाल तर जीसीसीच्या कंपाइल फार्मवर खातं मागा. आर्म, पॉवर, रिस्क-फाइव्ह अशी नाना तऱ्हेची मशीनं तिथं मिळतात. दुधनाकाठच्या पोरीला तर रिस्क-फाइव्ह हवंच आहे. तोवर तिनं क्यूएमूच्या (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) युजर मोडमध्ये असेंबल केलेले प्रोग्रॅम चालवून बघावेत.

---

मांजराकाठ

मंडळी, स्टेजिंगवर आता लाल येतं ते कोडचंच येतं. वहीतल्या अलीकडच्या सगळ्या लाल नोंदी काही तासांत कुणीतरी कमिट मागं घेतल्यावर किंवा दुरुस्त केल्यावर हिरव्या झाल्यात. खऱ्या मास्टरकडे जायची विनंती टाकतोय.

त्याआधी एक गोष्ट ठरवायची आहे. वर्करच्या इन्फो फोल्डरात होस्ट आणि ॲडमिन अशा दोन फायली असतात. होस्टमध्ये मशीनचं वर्णन लिहिलंय. ॲडमिनमध्ये जबाबदार माणसाचं नाव आणि मेल लागते. कुणी विचारलं की हे लाल आमच्याकडे दिसत नाही, जरा बघता का, तर त्याला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे. पेरणीच्या दिवसांत मी गावी असतो, तिथं रेंजचा भरवसा नाही. माझ्या एकट्याच्या मेलवर हे ठेवणं मला पटत नाही. एक सामाईक मेल काढतो, तिच्यावर कोण कोण येतंय?

---

बालाघाटी

मला घ्या. मशीनचं दुखणं असेल ते माझ्याकडं द्या. एसएसएचची किल्ली पाठवतो.

---

परभणी_ते_पुणे

कोडचं असेल ते मी बघतो. सोमवार ते गुरुवार रात्री ९ नंतर मोकळा असतो.

---

दुधनाकाठची

शुक्रवार-शनिवार मी. लॉग वाचून कोणाकडे पाठवायचं एवढं तर नक्की जमेल. आणि दादा, कालची रात्रीची फेरी हिरवी आहे.

---

कयाधू

रविवार माझ्याकडे. रोज सकाळी जीसीसीचा निकाल ताडून बघायचं कामही मीच करतो, तसंही पाचला उठतोच.